जायबंदी पोपटाशी मैत्री

पोपट हा पक्षी आपल्याकडील मुलांस मुळाक्षरे शिकण्यापूर्वीच ठाऊक झालेला असतो. त्याला कोणी राघू म्हणतात, कोणी विठू, कोणी मिठू. आणि वर्गात एखाद्याने अर्थ न समजता धडा घडाघडा म्हणून दाखविला, की आम्ही शिक्षकही ‘ही पोपटपंची पुरे’ असे म्हणून त्या बिचाऱ्या पक्ष्याचे नाव बदनाम करतो. इतका तो आपल्या परिचयाचा. परंतु पाय वाकडा झालेला, पंख छाटलेला, दृष्टी गेलेला, किंवा वर्षानुवर्षे एकांतात राहून स्वतःचीच पिसे उपटू लागलेला पोपट आपल्या दारी आला, तर त्याचे काय करावे हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. असे तीन पक्षी आमच्या आयुष्यात आले. त्यांपैकी पहिल्याच्या बाबतीत आमच्या हातून जो प्रमाद घडला, तो पुढे सांगूच. कारण तो घडला नसता तर हा लेख लिहिण्याचे आम्हांस कारणच पडले नसते.

आधी निरोगी पोपट कसा असतो हे थोडक्यात पाहू. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात जो पोपट सर्वत्र दिसतो त्याच्या नराच्या गळ्याभोवती गुलाबी व काळा कंठा असतो. मादीस व लहान पिल्लांस तो नसतो, आणि नरासही तो उगवावयास सुमारे तीन वर्षे लागतात. राहात्याकडील पेरूच्या बागांत आणि हुरड्याला आलेल्या ज्वारीच्या शेतांत यांचे थवे उतरतात, तेव्हा शेतकऱ्याच्या मुखातून त्यांच्याविषयी गोड शब्द निघत नाहीत, आणि ते साहजिकच आहे. एक पेरू पुरता खाऊन मग दुसऱ्यास तोंड लावावे, हा शिष्टाचार पोपटास ठाऊक नाही. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. त्यामुळे तो पायाने घास धरून खातो, आणि चोच ही तर त्याचा जणू तिसरा हातच असतो. ही चोच आपल्या नखांसारखी जन्मभर वाढत असते व कुरतडण्याने झिजत असते. अशा पक्ष्याचा पाय अगर चोच अधू झाली, म्हणजे त्याचे चालणे, चढणे, खाणे आणि अंग साफ करणे ही सर्वच कामे एकदम अडतात, हे लक्षात ठेवावे.

हिवाळ्याच्या अखेरीपासून पोपट झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. पिंजऱ्याच्या दुर्दैवाचा प्रारंभ बहुधा तेथेच होतो. ढोलीत हात घालून अंगावर पुरती पिसेही न आलेली पिल्ले काढतात, आणि त्यांना बेसनाचे पीठ कालवून भरवितात. अंधारात, चुन्याचा अंश नसलेल्या अन्नावर वाढलेल्या पिल्लाची हाडे मऊ राहून पाय फाकतात. पुढे ते उडून जाऊ नये म्हणून पंखांची मोठी पिसे कातरतात. कातरलेले पीस पुन्हा वाढत नाही. त्याचे खोड गळून नवे पीस यावयास वर्षभर वाट पाहावी लागते. आणि ओढून उपटलेल्या पिसाचे मूळ दुखावले असल्यास तेथे नवे पीस कधी कधी येतही नाही.

आमच्या घरचा विठू असाच होता. आमचे बालपण राहुरी तालुक्यातील एका खेड्यात गेले. १९८८ च्या सुमारास एका नातलगाने आठवड्याच्या बाजारातून तो आणून आम्हां भावंडांस भेट दिला. त्याचा उजवा पाय बाहेरच्या बाजूस वळलेला होता. घरातील वडील मंडळी म्हणाली, ‘लंगडा आहे म्हणून स्वस्त मिळाला.’ ओसरीवर टांगलेला तो वाटोळा लोखंडी पिंजरा इतका लहान होता, की विठूस दोन्ही पंख एकदम पसरता येत नसत. त्याला आम्ही भिजविलेली हरभऱ्याची डाळ, पोळीचा तुकडा व मिरची देत असू. मिरचीने पोपटाची वाचा सुटते असा आमच्या गावी समज होता. वस्तुतः पोपटाच्या जिभेस आपल्यासारखा मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, आणि बोलणे हे तर छातीतील श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या ध्वनियंत्राचे काम आहे. तेव्हा या समजुतीत तथ्य नाही. विठू बोलत नसे. काडीने डिवचले की किंचाळत असे, आणि तो किंचाळला की आम्ही हसत असू. काही महिन्यांनी त्याच्या छातीवरील पिसे नाहीशी होऊन कातडी दिसू लागली. ‘उन्हाळ्याने झडली’ असे सर्व म्हणाले.

एके दिवशी शाळेत स्वातंत्र्यावर धडा झाला. आम्ही आठ वर्षांचे होतो. दुपारी घरी येऊन, मोठ्या उदार अंतःकरणाने, आम्ही पिंजऱ्याचे दार उघडले आणि विठूस अंगणात सोडले. कातरलेल्या पंखांनी तो हातभरही उडाला नाही. वाकड्या पायाने खुरडत तो पुनः पिंजऱ्याकडेच येऊ लागला, आणि आम्ही त्यास टाळ्या वाजवून पुढे हाकलीत राहिलो. शेजारचे मांजर केव्हा आले ते आम्हांस दिसले नाही.

या घटनेची लाज आम्हांस अजून वाटते. परंतु नुसत्या लाजेने काही शिकावयास मिळत नाही, म्हणून पुढे मोठेपणी पशुवैद्यांस विचारून आम्ही विठूचे एकेक दुःख समजून घेतले. पाय वाकण्याचे कारण वर आलेच आहे. पिसे उन्हाळ्याने झडली नव्हती, ती त्याने स्वतः उपटली होती. पोपट हा थव्यात राहणारा व दिवसभर उद्योगात असणारा प्राणी होय; त्याला एकटे व निरुद्योगी ठेवले म्हणजे तो आपल्याच अंगावर चोच चालवितो. कधी त्वचेचा रोग, कधी अन्नातील उणीव हेही कारण असते, म्हणून आधी वैद्यास दाखवावे हे उत्तम. राहिले अन्न. केवळ डाळीवर, किंवा आज पुष्कळ घरांत देतात त्याप्रमाणे केवळ सूर्यफुलाच्या बियांवर, पोपट जगतो पण निरोगी राहत नाही. त्या बियांत तेल फार असून अ जीवनसत्त्व व चुना अगदी कमी असतो. बाजरी, राळे व ज्वारी यांबरोबर किसलेले गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मोडाची कडधान्ये व थोडे फळ असे त्याचे ताट असावे. चॉकलेट, कांदा, मीठ घातलेले पदार्थ, चहा व अलीकडे बाजारात येऊ लागलेले अॅव्होकाडो ही त्यास विषासमान होत. स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा फार तापला असता जो वायू निघतो त्यानेही पक्षी पाहता पाहता मरतात. मग माणसांस तेथे काही जाणवलेले नसले तरी.

यापुढे जे लिहावयाचे ते पालकवर्गानेही लक्षपूर्वक वाचावे अशी विनंती आहे. भारतीय जातीचा कोणताही पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी पाळणे हा आज गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेली बंदी यांमुळे हे घडले. आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हे पोपट कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आले आहेत. ‘आम्ही तर त्याला जीव लावतो’ ही सबब कायद्यास चालत नाही. आमच्या मते ती पोपटाच्या दृष्टीनेही फारशी चालण्यासारखी नाही. जखमी पोपट सापडला तर वनखात्यास कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. परदेशातून आलेल्या व पिंजऱ्यातच पैदास होणाऱ्या काही जाती, जसे बजरिगर, कॉकॅटील आणि लव्हबर्ड, पाळण्यास मात्र मुभा आहे. त्यांच्याकडे आपण पुढे वळू.

दुसरा पक्षी आमच्याकडे अलीकडच्या एका संक्रांतीस आला. शहरात त्या दिवशी आकाश पतंगांनी भरून जाते हे येथील वाचकांस सांगावयास नको. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो, आणि संक्रांत सरल्यावरही झाडाझाडांवर लोंबत राहतो, कारण तो कुजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इयत्ता सातवीतील तीन मुले बुटांचे एक खोके घेऊन आमच्या वर्गाच्या दाराशी आली. आत पोपटाची मादी होती. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेची कातडी मांज्याने चिरली होती, आणि तो दोरा अजून मांसात रुतलेला होता.

मुलांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली होती. खोक्यास भोके पाडून, तळाशी जुना रुमाल अंथरून, वरून झाकण लावले होते. भ्यालेल्या पक्ष्यास अंधार व शांतता याहून मोठे औषध नाही. पण एकजण त्याच्या चोचीत चमच्याने पाणी ओतण्याच्या बेतात होता. आम्ही त्यास थांबविले, कारण असे पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. दुसऱ्यास तो दोरा ओढून काढावयाचा होता. तेही करू दिले नाही. लोंबणारी टोके तेवढी कात्रीने कापली आणि रुतलेला भाग वैद्यासाठी ठेवला. पक्षी उचलताना त्याची छाती कधीही आवळून धरू नये. पक्ष्यास आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो. छाती पुढेमागे हलली तरच त्याचा श्वास चालतो, आणि प्रेमाने घट्ट धरलेला पक्षी त्या प्रेमानेच मरू शकतो. पातळ पंचा अंगावर टाकून, मान व पंख सांभाळून, सैल उचलावे. नंतर सर्वांनी साबणाने हात धुतले, कारण पोपटांपासून माणसास एक प्रकारचा ताप येऊ शकतो. मग वनखात्यास दूरध्वनी केला.

वनरक्षक येईपर्यंत दोन तास गेले. तेवढ्या अवधीत वर्गात जो वाद झाला तो आम्हांस कोणत्याही धड्याहून मोलाचा वाटला. निम्म्या मुलांचे म्हणणे, तिला आपणच बरी करू, हाताने भरवू, माणसाळवू, शाळेतच ठेवू. उरलेल्यांचे म्हणणे, तिला ताबडतोब झाडावर सोडून द्यावे. आम्हांस अर्थातच विठू आठवत होता. उडता न येणाऱ्या पक्ष्यास सोडणे म्हणजे त्याला स्वातंत्र्य देणे नव्हे. पण बरा होऊन उडू शकणाऱ्या पक्ष्यास माणसाळविणे हाही त्याचा घातच आहे, ही गोष्ट मुलांच्या गळी उतरविणे अधिक कठीण गेले. जो पोपट माणसाच्या हातावर निर्धास्तपणे उतरतो, तो पुढे पारध्याच्या हातावरही उतरतो. त्याला मांजराचे व कुत्र्याचे भय राहत नाही, आणि रानातील थवा त्याची भाषा ओळखत नाही. म्हणून जाणते लोक परत जाणाऱ्या पक्ष्याशी बोलत नाहीत, त्याला नाव ठेवीत नाहीत, अन्नाचे भांडे मुकाट्याने ठेवून बाजूस होतात. त्या पक्ष्यावर माया करावयाची ती दुरूनच.

मग जवळची माया करावी तरी कोणावर? तर ज्याला कोठेच परत जावयाचे नाही अशावर. आणि येथे आमचा तिसरा पक्षी येतो.

हा कॉकॅटील होय. मूळचा ऑस्ट्रेलियातला, काकाकुवाचा धाकटा भाऊबंद, करडा-पिवळा, डोक्यावर तुरा. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. एक कुटुंब बदलीमुळे दूर जाणार होते. त्यांच्या या सहा वर्षांच्या पक्ष्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढून तो गेला होता, दुसऱ्याने अंधुक दिसे, आणि डाव्या पायाची बोटे मुठीसारखी वळून बसली होती. ‘असा पक्षी कोणी घेत नाही,’ असे ते म्हणाले. त्याचे नाव सोन्या. आमच्या घरी आल्यावर पहिले आठ दिवस तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तुरा मानेस चिकटवून बसे, आणि जवळ गेले की सापासारखा फुत्कार करी.

पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे काहीच केले नाही. पिंजरा भिंतीशी, डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. वरून येणारी कोणतीही सावली पोपटाच्या मनात ससाणाच असते, त्यामुळे टांगलेल्या पिंजऱ्यापेक्षा तीन बाजूंनी आडोसा असलेली जागा बरी. बसावयाची दांडी गुळगुळीत लाकडाची होती, ती काढून रुंद सपाट फळी बसविली व तीवर जाड सुती कापड गुंडाळले. अधू पायाच्या पक्ष्यास गोल दांडीवर तोल सांभाळता येत नाही. तो सारा भार एका पायावर देतो, आणि मग त्या चांगल्या पायाच्या तळव्यासही जखम होते. फळ्या खाली खाली लावल्या, म्हणजे पडला तरी लागू नये. अन्नपाण्याची भांडी जेथे ठेवली ती पुनः कधी हलविली नाहीत. एकदाच, झाडलोट करताना, पाण्याचे भांडे उजवीकडचे डावीकडे गेले. संध्याकाळी पाहतो तो भांडे काठोकाठ भरलेले आणि सोन्या जुन्या जागी चोच आपटतो आहे. आंधळ्याचे घर म्हणजे त्याची स्मरणशक्ती असते.

नंतर आवाज. खोलीत शिरण्यापूर्वी दारातूनच ‘सोन्या, आलो बरे’ असे हळू म्हणावयाचे, तेही रोज त्याच शब्दांत. मग पिंजऱ्याजवळ बसून आम्ही मुलांच्या वह्या तपासत असू व प्रत्येक चूक मोठ्याने वाचीत असू. (त्या पक्ष्याचे शुद्धलेखन पुष्कळ सुधारले असावे.) तिसऱ्या आठवड्यात तुरा मानेवरून उठला. पाचव्या आठवड्यात आमच्या बोटांतील राळ्याचे कणीस त्याने चोचीने चाचपून एक दाणा घेतला, व लगेच मागे सरला. आम्हीही हात मागे घेतला. हीच या विद्येची किल्ली आहे. पक्ष्याने ‘नको’ म्हटले, तुरा आडवा केला, मान आखडली, डोळ्याची बाहुली भराभर लहानमोठी होऊ लागली, की आपण थांबावे. आपले ‘नको’ ऐकले जाते हे ज्यास कळले, तोच पक्षी पुढे ‘हो’ म्हणतो. चावला म्हणून ओरडू नये, हात झटकू नये, शिक्षा तर करूच नये. शिक्षेचा व चावण्याचा संबंध त्यास कळत नाही, फक्त आपली भीती त्यास कळते. बोट त्याच्या पोटाशी हलकेच लावले असता त्यावर चढावयास तो तीन महिन्यांनी शिकला, आणि तेही चांगला पाय आधी टाकता येईल अशा बाजूने बोट धरले तरच.

एक अडचण अनपेक्षित आली. मध्यरात्री तो एकाएकी पिंजऱ्यात धडपडून पंख आपटी, आणि एकदा तर रक्त आले. कॉकॅटील जातीत हा रात्रीच्या भयाचा विकार प्रसिद्ध आहे. एक मंद दिवा रात्रभर ठेवू लागलो तेव्हा तो थांबला. अर्धवट का होईना, उजेडाचे त्याला भान होते. दर रविवारी स्वयंपाकघरातील ताजव्यावर त्याचे वजन करून वहीत मांडतो, कारण पक्षी आपले आजारपण शेवटपर्यंत लपवितो. रानात आजारी दिसणे म्हणजे शिकाऱ्यास बोलावणे. पिसे फुगवून तळाशी बसलेला दिसला की रोग बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो. वजन मात्र आधी बोलते.

आणि येथेही मर्यादा हवीच. सोन्या केवळ आमचाच होऊ लागला, इतरांवर फुत्कारू लागला, आम्ही शाळेत गेलो की दिवसभर हाका मारू लागला. एकाच माणसास चिकटलेला पोपट त्या माणसाच्या गैरहजेरीत पुनः विठूच्या वाटेने जातो. तेव्हा घरातील प्रत्येकाने त्यास रोज थोडे भरवावयाचे असा नियम केला, आणि तो एकटा असता चघळावयास कणसाची बुरकुंडे, कडुनिंबाच्या काटक्या व कागदात गुंडाळलेले दाणे ठेवू लागलो. हल्ली तो आमच्या हाकेपेक्षा कुकरच्या शिटीस अधिक उत्साहाने उत्तर देतो, व ती इतकी हुबेहूब देतो की दोनदा भात कच्चा राहिला.

ज्यांना असे वाटत असेल की अधू पक्ष्याच्या ठायी एवढी बुद्धी कोठून असणार, त्यांस दोन उदाहरणे सांगतो. अमेरिकेतील आयरीन पेपरबर्ग या विदुषीने १९७७ साली दुकानातून घेतलेला अॅलेक्स नावाचा करडा आफ्रिकन पोपट रंग, आकार व लहान संख्या शब्दांनी ओळखून सांगे. तो २००७ साली वारला, आणि त्याच्यामुळे ‘पोपटपंची’ या शब्दाचा आम्हां शिक्षकांस पुनर्विचार करावा लागत आहे. दुसरा ब्रूस हा न्यूझीलंडमधील केआ जातीचा पोपट. त्याची वरची चोच मुळीच नाही. चोचीवाचून पिसे साफ करता येत नाहीत. त्याने काय केले, तर योग्य आकाराचा खडा निवडून जीभ व खालची चोच यांमध्ये धरावयाचा आणि त्यावर पीस घासून काढावयाचे अशी युक्ती स्वतःच शोधली. त्याच्या सोबतच्या धडधाकट पक्ष्यांपैकी कोणी हे करीत नसे. शास्त्रज्ञांनी २०२१ साली हे प्रसिद्ध केले. कोणी त्यास कृत्रिम चोच बसविली नाही. खडे असलेली जागा व स्वस्थता एवढेच मिळाले होते.

असो. संक्रांतीच्या त्या मादीचे पुढे काय झाले हे मुले दर आठवड्यास विचारीत. पंखाच्या पुढच्या कडेचा स्नायुबंध तुटला असता तो क्वचितच पूर्ववत होतो. तिचाही झाला नाही. ती पुनः उडणार नाही असे वैद्यांनी ठरविले, आणि तशाच इतर पोपटांबरोबर एका मोठ्या जाळीच्या दालनात तिला ठेवण्यात आले. परीक्षा संपल्यावर, परवानगी काढून, आम्ही त्या तिघां मुलांस घेऊन तिला पाहावयास गेलो. रखवालदाराने जाळीपासून दूर, पडद्याआडून पाहावयास सांगितले. आत जमिनीपासून वरपर्यंत तिरप्या फांद्या लावलेल्या होत्या. उडता न येणारे सात-आठ पोपट त्यांवरून चढत-उतरत होते. आमची मादी मधल्या फांदीवर बसली होती. डावा पंख किंचित लोंबत होता. शेजारी एक काणा नर होता, आणि तिने मान वाकवून पुढे केली होती, ती तो चोचीने विंचरीत होता.

मुलांनी तिला हाक मारली नाही. पंधरा मिनिटे ती उभी राहून पाहत होती. परतताना त्यांतील धाकटा म्हणाला, “सर, तिनं आपल्याकडे एकदापण बघितलं नाही.” आणि थोडे चालून गेल्यावर, स्वतःशीच, “बरं झालं.”